तिसरा नट

रविवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी घड्याळजी गाडीखाली उताणे पडून एका नटावर तेल सोडत होते. एकेक थेंब. मनगटी घड्याळात तेल घालायची सुईसारखी काडी त्यांनी आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून मुद्दाम आणली होती.

"अहो, ती गाडी आहे," बायको दारातून म्हणाली. "बाटली उपडी करा तिच्यावर."

"तेल जास्त झालं की धूळ धरते."

"चाळण झालेल्या सायलेन्सरला धुळीचं कसलं आलंय!"

नवा सायलेन्सर आठ महिने पलंगाखाली पडून होता आणि झाडू मारताना दर वेळी तिच्याच अंगठ्याला लागत होता. जुन्याच्या आवाजावर पूर्वी गल्लीतली कुत्री भुंकायची. हल्ली त्यांनीही नाद सोडला होता. शेवटी तिने परस्पर भंगारवाल्याला सांगून टाकलं, रविवारी सहापर्यंत जुना निघाला तर ठीक, नाहीतर गाडीच ओढून न्या. भंगारवाल्याने विचारलं तेव्हा घड्याळजीही रागाच्या भरात "न्या, न्या!" म्हणाले. मग त्यांना नदीपलीकडचा टॉवर आठवला. त्याच्या घड्याळाला दर सोमवारी सकाळी सातला चावी द्यायचं काम एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होतं, आणि तिकडची पहिली बस आठला सुटते. गाडी गेली की टॉवर गेला. पण शब्द देऊन बसले होते.

घड्याळजींनी आयुष्यात कुठल्याही स्क्रूवर जोर केला नव्हता. स्क्रू निघत नसेल तर तेल घालून थांबायचं. त्यामुळे गिऱ्हाइकं म्हणत, घड्याळ बापाने टाकावं आणि मुलाने न्यावं. पण नेलेलं घड्याळ दुरुस्तीला परत कधी येत नसे.

भंगारवाला चारलाच आला, हातगाडी ढकलत, खांद्यावर दोरखंड टाकून. बादली उपडी घालून बसला. घड्याळजींच्या बायकोने, म्हणजे गल्लीच्या काकूंनी, चहा दिला. पाइपाच्या सांध्यातले दोन नट तोवर निघाले होते. तिसऱ्याचे कोपरे गंजाने खाल्ले होते. पाना नुसता गरगर फिरत होता. घड्याळजींनी पुन्हा काडी तेलात बुडवली.

"काका, आता काय?"

"थांबायचं. मुरू दे."

"लोणचं आहे का ते? गंजलेल्या नटाला मारायचं असतं, समजवायचं नसतं."

"भाऊ, यांचं सगळं असंच," काकू म्हणाल्या. "मी भांडायला उभी राहिले तरी हे गप्प. मुरू देतात."

"मग तुम्ही सैल होता का?" भंगारवाल्याने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी होते," काकू म्हणाल्या, आणि कपबशी उचलून आत गेल्या.

साडेपाच झाले. घड्याळजींनी नाइलाजाने छिन्नी नटाला टेकवली आणि हातोडीने टिचकी मारावी तशी मारली. भंगारवाल्याने डोळे मिटून घेतले. चार टिचक्या त्याने सोसल्या. मग तो बादलीवरून उठून ओणवा झाला.

"कडेने लावा. कडेने हो! वरनं काय कुरवाळताय?"

"नट दुखावेल."

"दुखावू दे! सरका. सरका म्हणतो ना!"

सहाला दहा कमी असताना भंगारवाला गाडीखाली शिरला. तीन दणके बसले, नट दुभंगला, आणि सगळा पाइप गंजाच्या पावसासकट त्याच्या छातीवर आला. तो डोक्यापासून कमरेपर्यंत विटकरी होऊन बाहेर सरपटला आणि दोन्ही हातांनी पाइप उंच धरून ओरडला, "निघाला!"

काकू दारात येऊन उभ्या होत्या. "भाऊ," त्यांनी विचारलं, "मग आता नेणार काय?"

भंगारवाल्याने गाडीकडे पाहिलं, दोरखंडाकडे पाहिलं. पाइप हळूहळू खाली आला.

"सकाळपासून मुरला होता," घड्याळजी म्हणाले. "म्हणून तीन दणक्यांत आला."

भंगारवाल्याला यावर बोलायचं बरंच होतं, पण तोंडात गंज गेला होता. त्याने चूळ भरली, आणि आलोच आहे तर म्हणून नव्या सायलेन्सरचं दुसरं टोक धरलं. साडेआठला गाडी सुरू झाली. आवाज एवढा कमी की काकूंनी दोनदा विचारलं, सुरू आहे ना? जुना पाइप दोरखंडाने हातगाडीला बांधून भंगारवाला निघून गेला.

उद्या सोमवार. टॉवरच्या घड्याळाला सातला चावी दिली जाईल. गाडी सहा चाळीसला निघेल. जुन्या आवाजाने उठायची सवय असलेल्या काकूंनी सहा चाळीसचा गजर लावून ठेवला आहे.