धाकटीचं नाक

माझी धाकटी बहीण पुण्याहून बदली होऊन हुबळीच्या बँकेत आली आणि घर मिळेपर्यंत म्हणून धारवाडला, सप्तापुरात, माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहू लागली. तोपर्यंत वाइन ही माझ्या एकटीची गोष्ट होती. बाकी सगळ्यात तिचा वाटा होता. आईच्या साड्यांत होता, अप्पांच्या कौतुकात तर निम्म्याहून जास्त होता. वाइनमध्ये मात्र नव्हता, आणि ते मला फार बरं वाटायचं.

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. एका परिसंवादासाठी नाशिकला गेले होते, तेव्हा शेवटच्या दिवशी आम्हाला द्राक्षमळा दाखवायला नेलं. तिथं कुणीतरी हातात पेला दिला. तोवर मी दारूच्या थेंबाला शिवले नव्हते. घोट घेण्याआधी नुसता वास घेतला आणि चकित झाले. ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तोच वास. ज्या रेणूची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढत आले, तो माझ्या हातातल्या पेल्यात होता. त्या दिवसापासून मला नाद लागला.

पण प्राध्यापकाच्या पगारात परदेशी बाटल्या कुठून आणणार? म्हणून मी स्वस्तातलं चांगलं शोधायला लागले, आणि खरी गंमत त्यातच आहे हे कळलं. आपल्याकडच्या दुकानांवर ‘वाइन्स’ अशी मोठी पाटी असते, पण आत सगळ्यात कमी खपते ती वाइनच. काउंटरवर पुरुषांची गर्दी, त्यात मी एकटी बाई. सुरुवातीला सगळे वळून बघायचे, नंतर दुकानदारच म्हणायला लागला, “मॅडमना आधी द्या रे.” मी हळूहळू शिकत गेले. काचेच्या कपाटात उन्हाला उभी असलेली बाटली कधी घ्यायची नाही, आतल्या खोक्यातली मागायची. पांढरी वाइन जितकी ताजी तितकी बरी, म्हणून बाटलीच्या मागं छापलेलं साल आधी बघायचं. विजापूरकडच्या द्राक्षांची वाइन आपल्याच राज्यातली म्हणून स्वस्त पडते, तिला नाकं मुरडायची नाहीत. हे सगळं मी वाचून, चुकून, पैसे वाया घालवून शिकले होते.

या शिकण्यामुळंच मला धारवाडातल्याच मळमड्डीतल्या एका घराचं दार उघडलं. आमच्याच कॉलेजातून निवृत्त झालेले अर्थशास्त्राचे एक सर आणि त्यांच्या पत्नी महिन्यातून एका रविवारी दुपारी चार-पाच जणांना बोलवायचे. प्रत्येक वेळी एकानं बाटली आणायची, वर्तमानपत्रात गुंडाळून. चव घेऊन सगळ्यांनी अंदाज करायचा. अट एकच होती, दोघांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा बाटली महाग असता कामा नये. सरांच्या पत्नी, आमच्या बाई, सोबत खायला गिरमिट करायच्या. चुरमुऱ्यांचं ते तिखट-आंबट गिरमिट आणि थंडगार गुलाबी वाइन यांचं इतकं जुळतं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. सर कन्नड, मी मराठी, पण त्यांच्या अंगणात दोन्ही भाषा एकमेकींत मिसळून जायच्या. चव आवडली की ते पेला वर धरून म्हणायचे, “भाळ छलो ऐती!” फार छान आहे. माझ्या बाटलीला हे शब्द मिळाले की तो आठवडा मी हवेत असायची.

त्या घरात बसलेल्यांपैकी बहुतेकांचे वडील वकील, डॉक्टर, मामलेदार होते. माझे अप्पा हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. कुणी कधी त्यावरून मला काही बोललं नाही. तरीसुद्धा त्या अंगणात मी नेहमी जरा ताठ बसायची, आणि खात्री असल्याशिवाय तोंड उघडायची नाही.

बहीण आली त्याच महिन्यात रविवारची पाळी माझी होती. तिला घरी एकटी कशी ठेवायची म्हणून बरोबर नेली. मी एक पांढरी बाटली आणली होती. सगळ्यांनी पेले फिरवले, वास घेतला. मी मनात शब्द जुळवत होते, आणि तेवढ्यात ही म्हणाली, “अक्का, हे तर आपल्या शाळेसमोरच्या गाडीवरचे पेरू. फोडी करून मीठ लावून द्यायची ना ती बाई, ते.”

सरांनी पुन्हा वास घेतला आणि मांडीवर थाप मारली. “पेरू! अगदी पेरू! मीठसुद्धा आहे!” बाई हसल्या, सगळे हसले. ती आयुष्यात पहिल्यांदा वाइन पीत होती. मी त्या बाटलीबद्दल घरी दोन तास वाचून गेले होते. द्राक्षाची जात, आंबटपणा, पिंपात ठेवली की पोलादी टाकीत, सगळं सांगणार होते. कुणी विचारलंच नाही. परतताना रिक्षात ती म्हणाली, “मजा आली गं. किती छान लोक आहेत.” मी बाहेर बघत “हं” म्हटलं.

माझी बाटली होती, पण त्या रविवारची आठवण पेरू म्हणूनच राहिली.

पुढच्या महिन्यात सर मला म्हणाले, “धाकटीला आणा बरं का.” त्यांच्या तोंडात ती लगेच ‘धाकटी’ झाली होती. मी इतकी वर्षं त्या घरात जात होते, आणि अजून ‘मॅडम’च होते.

मग आली ती दुर्गदबैलातली बाटली. बहीण ब्लाउजपीस घ्यायला हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात गेली होती. परत येताना बसस्टॉपच्या वाटेवरल्या एका दुकानातून तिनं लाल वाइनची एक बाटली उचलली. मी ती पाहिली आणि मला हसू आवरेना. त्या दुकानात मी कितीदा तरी गेले होते आणि ती बाटली प्रत्येक वेळी ओलांडून पुढं गेले होते. लेबलवर द्राक्षांचं असं चित्र की जांभळं वाटावीत. झाकण फिरकीचं. आत काय असेल हे मला न उघडता माहीत होतं.

“ही का घेतलीस?” मी विचारलं.

“रंग आवडला. दुकानदार म्हणाला, कालच खोकं आलंय, विजापूरची आहे.”

“चित्र बघितलंस का?”

“चित्र कुठं प्यायचंय आपल्याला?”

ती तिनं रविवारी नेली. मी बरोबर दुसरी एक बाटली घेतली होती, लाज राखायला लागली तर असावी म्हणून. ती पिशवीतच राहिली. सरांनी पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. मग पत्नीला म्हणाले, “आपण उगाच महागाच्या मागं लागलो होतो इतके दिवस.” पेल्यात मिऱ्याचा वास होता, पिकलेल्या करवंदाची चव होती, आणि घोट गेल्यावरही बराच वेळ तोंड उबदार राहत होतं. मला ते सगळं कळत होतं. कळत होतं म्हणूनच घशाखाली उतरत नव्हतं. स्वस्तातलं चांगलं शोधणं हे माझं काम होतं. तेच तिनं ब्लाउजपीस घेता घेता केलं होतं.

त्या रात्री ती लगेच झोपली. मला तिच्या शांत श्वासाचासुद्धा राग येत होता.

पुढच्या खेपेला मी एक युक्ती केली. बाईंना सांगून ठेवलं की आज जरा परीक्षा घेऊ. एकच वाइन दोन पेल्यांत ओतायची, आणि दोन वेगळ्या आहेत असं सांगून धाकटीला विचारायचं. बाईंना तो खेळ वाटला. मला काय वाटत होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. हिचं हे नाक म्हणजे निव्वळ योगायोग आहे हे सगळ्यांच्या देखत एकदा सिद्ध व्हावं, एवढंच मला हवं होतं.

दोन पेले तिच्यासमोर ठेवले. तिनं एक उचलला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. सगळे तिच्याकडं बघत होते.

“ही डावी जरा पोरकट आहे,” ती विचार करत म्हणाली. “उजवी समजूतदार. उजवी महाग असणार.”

बाईंना हसू फुटलं. “अगं, एकाच बाटलीतल्या आहेत दोन्ही!”

मी तिच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. तो पडेल, कान लाल होतील, ती काहीतरी सारवासारव करेल. तसं झालं असतं तर मी कदाचित तिथंच तिला माफ केलं असतं. पण ती दोन्ही हातांनी तोंड झाकून इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग पोरकट कोण म्हणून विचारा मला!” ती म्हणाली. “मीच पोरकट!” सर हसले, बाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला, आणि मग प्रत्येकानं आपली अशी फजिती कधी झाली होती ते सांगायला सुरुवात केली. त्या अंगणात इतकं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. ती चुकली होती, आणि चुकून सगळ्यांची आणखी लाडकी झाली होती.

मी गिरमिटाची बशी हातात धरून बसले होते. मला आठवलं, पीयूसीला, म्हणजे बारावीला, ती गणितात नापास झाली तेव्हा वस्तीत प्रत्येकाला तिनं स्वतःच सांगितलं होतं, नळावर, दुकानात, जिथं भेटेल तिथं. पुन्हा बसली, पास झाली. मी मात्र वस्तीतली एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी. माझ्याकडं बघून शेजारपाजारचे आपल्या मुलींना शिकवत होते. मला नापास होऊन चालणार नव्हतं, आणि तसं कुणी बोलून दाखवण्याचीही गरज नव्हती. माझ्यापाठोपाठ ती आली तेव्हा वाट झालेली होती. त्या वाटेवर ती उड्या मारत चालली, अडखळली तर बसून हसली. मला वाटत होतं की मी तिच्या नाकावर जळते. त्या दुपारी कळलं की नाकाचं काही नाही. मी जळत होते तिच्या त्या हसण्यावर. ते पुस्तकातून शिकण्यासारखं नव्हतं.

कळल्यानं काही कमी झालं नाही. उलट जास्तच झालं.

अप्पा हुबळीला, कारखान्याजवळच्या वस्तीत, आमच्या जुन्या घरात राहतात. आई गेल्यापासून एकटेच. आम्ही बौद्ध. अप्पा रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून पंचशील म्हणतात, त्यातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. त्यांनी कारखान्यातले कितीतरी सोबती दारूपायी संपताना पाहिले होते, त्यामुळं ते शील ते जरा मोठ्यानं म्हणतात असं मला लहानपणापासून वाटे. वाइनबद्दल मी त्यांना कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. ते धारवाडला येणार असले की बाटल्या कपाटात साड्यांमागं जायच्या.

एका शनिवारी आम्ही दोघी त्यांच्याकडं जेवायला गेलो होतो. बोलता बोलता मळमड्डीच्या सरांचा विषय निघाला, आणि ही सहज बोलून गेली, “तिथं आम्ही वाइन पितो ना अप्पा, दर महिन्याला.”

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

अप्पांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. “दारू?”

“वाइन हो. द्राक्षाची. थोडीशीच,” ती म्हणाली. “अप्पा, तुमचं पाचवं शील मला पाठ आहे, तुम्हीच शिकवलंय. पण लपवून प्यायचं आणि वर तुमच्यासमोर खोटं बोलायचं, म्हणजे चौथंसुद्धा मोडतं. मग एकच मोडलेलं बरं.”

मी डोळे मिटून घेतले. आता भांड्यांचा आवाज होईल, अप्पा उठून बाहेर जातील. पण ऐकू आलं ते त्यांचं हसणं. घशातल्या घशात, इच्छा नसताना आलेलं. “वकील झाली असतीस तर बरं झालं असतं,” ते म्हणाले. मग जेवण संपवलं. ताटात हात धुतल्यावर मला म्हणाले, “तू पण?”

“हो अप्पा.”

“किती दिवस?”

मी उत्तर देण्याआधीच ती म्हणाली, “अक्कानंच मला शिकवलं. तिला सगळं माहितीये, कुठली द्राक्षं, कुठल्या मातीतली. विचारा तिला.”

अप्पा भिंतीला टेकून बसले. “मी घेणार नाही,” ते म्हणाले. “आणि मला आवडलेलं नाही. पण सांग. एवढं काय असतं त्यात?”

मी सांगू लागले. विजापूरकडचं ऊन, थंडीतल्या रात्री, साल काढून टाकली तर पांढरी आणि ठेवली तर लाल, साखरेची दारू कशी होते. ते मधूनमधून कारखान्यातल्या माणसासारखे प्रश्न विचारत होते, टाकी कसली असते, तापमान कसं राखतात, झाकण किती दाबानं बसतं. मला आठवतं तेव्हापासून अप्पांनी माझ्या शिक्षणाचा अभिमान बाळगला, पण मी काय शिकले ते कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. सांगता सांगता मनात आलं, हे दारसुद्धा हिनंच उघडलं. एक लाथ मारून, हसत हसत. मी इतकी वर्षं साड्यांमागं बाटल्या लपवत होते.

नंतर तिला हुबळीतच अप्पांच्या जवळ घर मिळालं. माझ्या दोन खोल्या पुन्हा माझ्या झाल्या. आता सरांना कुठं नवी बाटली दिसली तर ते फोन तिला करतात आणि ती मग मला करते. बातमी मला दुसऱ्याच्या तोंडून मिळते. दर वेळी कुठंतरी टोचतं.

परवाच्या रविवारी तिची बस उशिरा आली. बाटली उघडली होती, सगळे वास घेत होते. मला खात्री नव्हती, तरी मी म्हटलं, “ओल्या भुईमुगाच्या शेंगा.”

“छे छे,” सर म्हणाले. “काकडी.” बाईंनाही शेंगा पटल्या नाहीत. माझे कान गरम झाले. मी पेल्यात बघत “असेल” म्हटलं. कुणी माझ्याकडं बघतसुद्धा नव्हतं. काकडी कोवळी की जून, यावर त्यांचा वाद सुरू झाला होता, आणि थोड्या वेळानं मीही त्यात पडले. तेवढ्यात फाटक वाजलं. ती धापा टाकत आली, चपला अंगणातच भिरकावल्या, आणि सगळ्यांनी आपापले पेले एकदम तिच्यापुढं केले. मीही केला.