मामाजींच्या चार गोधड्या

आत्याबाईंचा हात मोडला नसता, तर आमच्या घरातल्या कुठल्याही पुरुषाने सुई हातात धरली नसती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गणपती उठले आणि त्याच आठवड्यात नळाजवळच्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्या, खाटेवर टेकल्या आणि मला म्हणाल्या, "आता गोधड्यांचं कसं होईन वं?"

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरला रामदासपेठेच्या मागच्या अंगाला आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. माझा नवरा जवळच्याच एका औषधाच्या दुकानात कामाला होता. मला दिवस गेले होते. आणि माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणे, त्याच उन्हाळ्यात सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीतून ओव्हरमन म्हणून निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले होते. जन्मभर जमिनीखाली माणसांच्या टोळ्यांकडून काम करून घेतलेला माणूस. दोन खोल्यांत त्यांना देखरेखीला काहीच पुरत नसे. स्टोव्हच्या वाती तपासत, रांजणातलं पाणी तपासत, मी कणीक मळत असले तर तीही उभं राहून बघत. आणि बोलत ते असे, की जणू मी अजून बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आत्याबाईंनी त्या हिवाळ्यासाठी चार गोधड्या कबूल केल्या होत्या. एक कन्हानला दिलेल्या लेकीची. एक वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंची. त्यांनी आपली जुनी लुगडी उन्हाळ्यातच आणून दिली होती. एक आम्हा नवराबायकोची. आणि चौथं येणाऱ्या बाळाचं दुपटं.

"मी करतो," मामाजी म्हणाले.

"काय करता?"

"गोधड्या. त्यात काय हाये? सुई खाली, सुई वर."

आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने धरावा लागला. "तुमाले शर्टाची बटन लावता येत नाई जी!"

"बटन बारीक काम हाये," मामाजी म्हणाले. "हे मोठं काम हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारात जाऊन दाभण घेऊन आले. पोती शिवायचा दाभण. आत्याबाईंनी तो पाहिला आणि कपाळाला डावा हात लावला. "धान भरून राहिले का आपण?" मग त्यांनी मला आपला डबा काढायला लावला आणि त्यातली गोधडीची सुई मामाजींच्या हातात दिली. ती त्यांच्या बोटांत दिसेचना. दोरा ओवायला मी बसले.

पहिली सुरू झाली ती नणंदेची. समोरच्या खोलीत खाली लुगडं अंथरलं, त्यावर जुन्या कपड्यांचे थर, वरून दुसरं लुगडं. ताणून धरायला चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, इस्त्री आणि खलबत्ता. त्या दिवसापासून चटणी वाटायची असली की मला गोधडीचा एक कोपरा मोकळा करावा लागे, आणि मामाजी ओरडत, "कोपरा सुटला! कोपरा सुटला!"

आत्याबाई खाटेवरून सूचना देत. कडेनं सुरू करा. गोल फिरत मधात या. टाका लहान घ्या. मामाजी ऐकत नसत असं नाही, पण त्यांनी आपल्या बुद्धीने आत भरायला माझ्या नवऱ्याचा जुना कोट घातला होता, तोही बटनांसकट. तिसऱ्या फेऱ्याला सुई बटनावर आदळली आणि मोडली. दुसरी घेतली, तीही वाकली.

कुणीही असतं तर तिथे उसवून कोट बाहेर काढला असता. मामाजींनी ती गोधडी गुंडाळून भिंतीशी ठेवली आणि मालकीणबाईंची लुगडी पसरली.

"हे काहून?" आत्याबाईंनी विचारलं.

"खाणीत एकाच जागी कोळसा काढत नसतात. एका जागी पाणी लागलं का टोळी दुसरीकडे न्यायची. काम थांबलं नाई पायजे."

मालकीणबाईंच्या गोधडीत पाणी लागायला दोन दिवस पुरले. तिथे वरचं लुगडं तिरकं पसरलं गेलं होतं, आणि एका बाजूला वीतभर अस्तर उघडं पडलं. मग आमची सुरू झाली. तिच्यात भरायला त्यांनी घरातल्या आमच्या अंगावरच्याच जुन्या गोधड्या उसवल्या. संध्याकाळी नवरा दुकानातून आला, त्याने खोलीभर पडलेल्या चिंध्या पाहिल्या आणि म्हणाला, "बाबा, पांघरायचं काय?"

"एवढ्या गोधड्या होऊन राहिल्या न रे!"

"होऊन राहिल्या. पण आज?"

आम्ही चादरींवर चादरी घेऊन झोपू लागलो. दुपटंही सुरू झालं होतं. त्याबद्दल आत्याबाई म्हणाल्या, जन्माआधी लेकराचं शिवू नये. मामाजी म्हणाले, "शिवून नाई राहिलो. मोजमाप पाहून राहिलो." आणि माझ्या एका मऊ साडीचा तुकडा मांडीवर घेऊन टाके घालत राहिले.

रोज जेवताना ते आत्याबाईंना अहवाल देत, जसा शिफ्ट सुटताना साहेबाला देत असतील. लेकीच्या गोधडीची एक बाजू पुढे सरकली. मालकीणबाईंचं अस्तर सरळ केलं. मुलाच्या गोधडीचा काठ धरला. आत्याबाई सगळं ऐकून घेत आणि डाव्या हाताने भाताचा घास तोंडाशी नेतानाच विचारत, "पुऱ्या किती झाल्या?"

"काम समदीकडे चालू हाये," मामाजी म्हणत.

यात खोटं काहीच नव्हतं.

दिवाळी आली तेव्हा आत्याबाईंचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून लाकडासारखं होतं. डॉक्टरांनी कामाला बंदी केली होती. घर झाडायचं, सारवायचं, रांगोळी काढायची, म्हणून मी जमिनीवरच्या तिन्ही मोठ्या गोधड्या उचलून खिडकीखाली एकावर एक रचल्या. मामाजींनी तक्रार केली नाही. ते त्या ढिगाऱ्याशीच बसले. भाऊबिजेला लेक येणार होती, आणि तिच्या हातात गोधडी द्यायचीच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. कोट काढून टाकला होता. सकाळी बाजारातून झेंडू आणले, आंघोळ केली, कोरं धोतर नेसले आणि ढिगातली वरची कड मांडीवर ओढून भराभर शिवायला लागले.

नणंद आली, सोबत जवाई. आमचे जवाई कन्हानला एका कारखान्यात कारकून होते. माणूस वाईट नव्हता, पण मानपानाला फार जपणारा. लग्नात पंगतीत पापड मागाहून वाढला म्हणून अर्ध्या जेवणावरून उठायला निघाले होते. जवाई दारात आले की सासऱ्याने उठून सामोरं जायचं, हे त्यांच्या घरातलं पहिलं कलम.

जवाई दारात उभे राहिले. मामाजी हसले, हात टेकून उठायला गेले, अर्धे उठले आणि परत खाली बसले.

"या जवाई, या! बसा!"

जवाई बसले नाहीत. आत्याबाईंनी डोळे मोठे केले. "उठा न जी."

"गुडघा धरला."

"आत्ता तर बाजारातून झेंडू घेऊन आले!"

"आत्ताच धरला," मामाजी म्हणाले, आणि दोन्ही हातांनी गोधडी मांडीवर घट्ट दाबून बसले. मला वाटलं, खरंच काही दुखत असेल. जवाईंच्या चेहऱ्यावरून त्यांना काय वाटत होतं ते स्पष्ट दिसत होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

नणंदेचं मात्र कुठेच लक्ष नव्हतं. तिने बापाच्या मांडीवरचं आपलं लुगडं ओळखलं. "माझी झाली का बाबा? दाखवा न!" आणि तिने कड धरून ओढली.

"सोड!" मामाजी खाणीतल्या आवाजात ओरडले. "सोड म्हणतो न वं!"

पण तोवर तिने दोन्ही हातांनी ओढलं होतं. तिची गोधडी उठली. तिच्यासोबत मालकीणबाईंची उठली, कारण सुई दोन्हींतून आरपार गेली होती. मालकीणबाईंच्या मागे एका कोपऱ्याने आमचीही आली. आणि या सगळ्याच्या मागे मामाजींचं कोरं धोतर येऊ लागलं. मामाजी एका हाताने कासोटा आणि दुसऱ्या हाताने गोधडी धरून बसले होते आणि तोंडाने "सोड, सोड" चाललं होतं. आवाज ऐकून मालकीणबाई जिन्यातून डोकावल्या.

मी भिंतीला टेकून हसत सुटले. आत्याबाई मला दटावू लागल्या, "हसू नको वं, पोटात दुखंन, हसू नको," आणि त्यांचं स्वतःचं तोंड पदरात होतं. नणंद घाबरून उभी. तिच्या हातात तीन गोधड्यांचं एक टोक.

जवाई पुढे आले. उकिडवे बसले. गोधडीची खालची बाजू उलटून त्यांनी नीट पाहिली, धोतराचा काठ पाहिला, आणि म्हणाले, "मामाजी, तुम्ही तर गुंतून राहिले! मले वाटलं, माझा राग आला तुमाले."

"तुमचा राग काहून येईन?" मामाजी म्हणाले. ते लाजेने लाल झाले होते. "पहिले मले सोडवा."

जवाईंनी ब्लेड मागितलं. एकेक टाका कापून त्यांनी सासऱ्याला गोधडीपासून वेगळं केलं. मामाजी मोकळे होताच आधी उठून उभे राहिले, जवाईंना दारापाशी नेऊन उभं केलं आणि तिथून हात धरून पुन्हा आत आणलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं. मग सगळी दुपार दोघे चिवड्याची ताटली मध्ये ठेवून तीन गोधड्या एकमेकींपासून उसवत बसले. संध्याकाळी निघताना जवाई म्हणाले, बाकीची राहू द्या, सवडीनं करा. पापडासारख्या गोष्टीवरून रुसवा त्यानंतर निदान आमच्या घरी तरी झाला नाही.

डिसेंबरात मला दवाखान्यात नेलं. अगदी हाकेच्या अंतरावर होता. नवरा बाहेर येरझारा घालत होता, आणि मामाजी बाकावर दुपटं मांडीवर घेऊन बसले होते. मोठी गोधडी आणायला त्यांना आत्याबाईंनी मनाई केली होती. शेजारी बसलेल्या एकाने त्यांना विचारलं म्हणे, "टेलर हाये का जी?"

"ओव्हरमन," मामाजींनी सांगितलं आणि टाका ओढला.

नर्स दोनदा येऊन रागावून गेली, की दोऱ्याचे तुकडे खाली पाडू नका. दुपारी मुलगी झाली. आत्याबाई बाहेर जाऊन मामाजींच्या हातातून दुपटं घेऊन आल्या. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा चांगली चार बोटं लांब होती. त्यांनी ते माझ्या खाटेवर पसरलं आणि आपला आखडलेला उजवा तळवा त्यावरून इंच इंच फिरवला. कुठे सुई राहिली का, ते बघत होत्या. सगळीकडून फिरवून झाल्यावर त्यांनी बाळाला त्यात ठेवलं.

"टाके मोठे हायेत," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. मामाजी दारात उभे होते. "पण सरळ हायेत."

मामाजींनी खिशातून रुमाल काढला आणि खिडकीकडे वळून बराच वेळ नाक शिंकरलं.

नणंदेची गोधडी संक्रांतीला कन्हानला गेली. आमची त्यानंतर झाली. मालकीणबाईंची राहिली, ती मात्र फाल्गुनात पुरी झाली. तोवर उकाड्यामुळे लोकांनी झोपायला अंगणात बाजा टाकायला सुरुवात केली होती. मामाजी स्वतः ती खांद्यावर घेऊन वर गेले. मालकीणबाई पदराने वारा घेत जिन्याच्या तोंडाशी बसल्या होत्या.

"आता?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या हिवाळ्यासाठी हाये," मामाजी म्हणाले. "लवकर झाली."