व्याख्यानमालेचे दुसरे पुष्प

१६ जानेवारी २०२५, गुरुवार. पहाटे गारठा. दूध सव्वासहाला आले. मेथीची जुडी निवडली, निम्मी किडकी निघाली. दुपारी तासभर पडले. सायंकाळी साडेपाचला कॉलेजात व्याख्यानमालेचे दुसरे पुष्प. विषय ‘खाडी आणि खाडीकाठ’. श्रोते सुमारे नव्वद. बरोबर जुबैदा. घरी परत पावणेआठला. व्याख्यानाचा गोषवारा पुढील पानी.

पुढील पानी गोषवारा होता, तोही चांगली दोन पाने भरून. पण त्यातल्या पहिल्या आठ ओळी सोडल्या तर एकही वाक्य वक्त्याच्या तोंडचे नव्हते, आणि हे जगात एकट्या कमळला ठाऊक होते.

कमळ म्हणजे धामणकर नाक्यामागच्या गल्लीतली आक्का. वय शहात्तर. माहेर कोनचे, खाडीला लागून. नवरा केसरीनाथ कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होता. दर जानेवारीत कॉलेज गावासाठी तीन दिवस व्याख्याने ठेवायचे. मैदानात मांडव पडायचा, लाल खुर्च्या मांडल्या जायच्या, आणि आत कुणीही येऊन बसावे अशी मुभा होती. केसरीनाथ व्यवस्था बघायला जायचा आणि जाताना कमळला घेऊन जायचा. तो गेल्यावरही तिने जाणे मोडले नाही. घरी येऊन ती व्याख्यान लिहून काढायची, आणि ते इतके चोख असायचे की एकदा मराठीच्या रुचिका मॅडमनी ते मागून नेले व कॉलेजच्या स्मरणिकेत छापले. तेव्हापासून एकोणीस वर्षे हाच रिवाज पडून गेला होता. रेकॉर्डिंग व्हायचे, नाही असे नाही. पण दीड तासाचे रेकॉर्डिंग ऐकून लिहायला बसतो कोण? आक्काचे पान आले की काम झाले.

दोन वर्षांपासून मात्र आवाज तिच्यापासून दूर चालले होते. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दाराची बेल, मग नाक्यावरचे हॉर्न. सगळे गाव जसे कुणी हळूहळू पाण्यात उतरवत होते. तिने कुणाला कळू दिले नाही. कळले असते तर मुलाने, प्रितेशने, दुसऱ्या दिवसापासून एकटीला उंबरा ओलांडू दिला नसता. रस्त्यावर कंटेनर कसे अंगावर येतात, यावर तो तसाही रोज एक भाषण द्यायचा. मग मांडवही गेला असता, ती खुर्ची गेली असती, आणि वर्षातल्या त्या तीन संध्याकाळी गेल्या असत्या.

त्या गुरुवारी वक्ते उभे राहिले तेव्हा उन्हाची तिरीप मांडवाच्या कनातीतून आत आली होती. पहिली पाच-सात मिनिटे माइक नीट पोचला. मग वक्ते माइकपासून मागे सरले आणि उरला तो नुसता एक घुमारा, शंख कानाला लावल्यावर येतो तसा. त्यांचे हात हलत होते. त्या हातांकडे बघता बघता कमळला कोनची भातखाचरे दिसली. भरतीच्या वेळी खाचरांतून खाडीचे पाणी दिसायचे नाही, बांध आड यायचे. दिसायचे ते फक्त शीड. हिरव्यागार भातावरून एक पांढरे शीड सावकाश सरकत जायचे. मागून गवताने लादलेली होडी यायची, तर गवताची गंजीच चालत निघाल्यासारखी वाटायची. होडी सुटताना आई मडक्यात निखारे घालून बापाच्या हाती द्यायची. वाटेत चूल पेटवायला. ते मडके पाण्यावरून लांब जाताना ठिपक्याएवढे लाल दिसे. ती जागी होती की झोपेत, तिला सांगता आले नसते. टाळ्या पडल्या, म्हणून तिनेही वाजवल्या. आणि घरी येऊन वही उघडली तर हात थांबेना. ‘वक्ते पुढे म्हणाले की’ असे लिहून तिने सगळे शीड, गवत, निखारे पानावर उतरवले.

शुक्रवारी सकाळीच रुचिका मॅडम दारात. स्मरणिकेची पाने शनिवारी सकाळी छापखान्यात जाणार होती, रविवारच्या समारोपाला वाटायची होती. कमळने चहाला बसा म्हटले, तेवढ्यात मॅडमनी मोबाइलवर दोन्ही पानांचे फोटो काढले आणि पायऱ्या उतरल्यासुद्धा. कमळ हातात साखरेचा डबा धरून उभी राहिली. आजवर तिने न घडलेले काही लिहिले नव्हते. आता ते लिहिले होते, वर दुसऱ्याच्या नावाने, आणि ते छापून गावभर जाणार होते. सांगावे तर कान उघडे पडणार. न सांगावे तर त्या भल्या माणसाच्या तोंडी तिच्या आईचे निखारे.

संध्याकाळी तिसऱ्या पुष्पाला ती आणि जुबैदा तास आधीच जाऊन बसल्या. जुबैदा तिच्याच वयाची. नवरा जब्बार याच्या चार लूम, म्हणजे यंत्रमाग, घराच्या तळमजल्यावर. कारागीर आला नाही की तीस वर्षे जुबैदाच लूमवर उभी राहायची. तिला थोडे कमी ऐकू येते हे सगळ्यांना माहीत होते. तिचे बोलणे मात्र कमळला अजूनही स्वच्छ समजायचे. का, याचा विचार तिने कधी केला नव्हता.

कमळने हळूच विचारले, काल तुला काय समजले?

जुबैदाने पदर सावरला. “काल? काल मी दीड तास दाढी बघितली, आक्का.”

“म्हणजे?”

“एवढी मोठी दाढी, वरून मिशा. ओठ दिसले तर समजणार ना. वीस साल झाली, मला काही ऐकू येत नाही. लूमवर कोण कानाने बोलतो? चार लूम चालू असल्या की ओठांनीच बोलायचं, समोरच्याचे ओठच बघायचे.”

जुबैदा बोलताना प्रत्येक शब्द ओठांवर मांडून ठेवते, हे कमळला तेव्हा दिसले. म्हणजे काल मांडवात दोघी शेजारी बसल्या होत्या, दोघींना फारसे काही समजले नव्हते, आणि दोघींनी टाळ्या वाजवल्या होत्या.

“तुमचं पण माहीत आहे मला,” जुबैदा म्हणाली. “पहिले तुम्ही डोळ्यांत बघून बोलायच्या. आता तोंडाकडे बघता.”

“मग तू येतेस कशाला एवढी?”

जुबैदाने समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला. “तीस साल खटखट ऐकली. इथे शंभर माणसं एका माणसाकडे बघत गप्प बसतात. ते बघायला येते मी. किती छान दिसतं.”

कमळ उठली. रुचिका मॅडम व्यासपीठापाशी हार-तुरे लावत होत्या. त्यांच्यापुढे उभी राहून तिने, कबुलीजबाब द्यावा तसे, एका दमात सांगून टाकले: पहिल्या आठ ओळी कालच्या वक्त्यांच्या, पुढचे काही त्यांनी म्हटलेले नाही, मला ऐकू येत नाही.

मॅडमचा हात हारावर थांबला. “मागच्या वर्षीचं, आक्का?”

“मागच्या वर्षी अर्धं ऐकू आलं. तो माणूस मोठ्याने बोलत होता.”

“आणि उरलेलं अर्धं?”

“ते सोडून दिलं होतं. मनाचं घातलं नाही. घातलं ते कालच.”

मॅडम रागावल्या की काय ते कमळला कळले नाही. त्या वळून बोलत होत्या. मग त्यांना सुचले, त्या समोर आल्या आणि सावकाश बोलल्या. रेकॉर्डिंग त्या स्वतः ऐकतील, आठ ओळींपुढचे गाळतील, आणि पुढच्या वर्षीपासून टिपण एखादी विद्यार्थिनी घेईल. मग थोडे थांबून म्हणाल्या, “उरलेलं तुमच्या नावाने छापू का? चांगलं आहे.”

“नको. मला कुणी व्याख्यान द्यायला बोलावलं नव्हतं.”

तिसरे पुष्प एका तरुण बाईंचे होते, आकाशातल्या ताऱ्यांवर. जुबैदाने कमळला ओढून पहिल्या रांगेत, व्यासपीठाच्या अगदी पुढ्यात बसवले. दाढी नव्हती. कमळने ओठांवर नजर ठेवली. बरेचसे निसटले. पण मधूनच एखादा शब्द अंधारातून वर यायचा, एकटा, लुकलुकत: ‘दूर’, ‘प्रकाश’, पुन्हा ‘दूर’. जुबैदा कोपराने डिवचून पुढचा शब्द ओठांवर करून दाखवायची. मांडवावर खरोखरच एक चांदणी उगवली होती. शंभर माणसे गप्प होती. कमळने मान फिरवून एकदा मागे बघितले, सगळ्यांकडे. छान दिसत होते.

घरी येऊन तिने प्रितेशलाही सांगितले. त्याने मोबाइल खाली ठेवला.

“हॉर्न?” त्याने विचारले.

“न्हाय ऐकू येत.”

उद्या कानाच्या डॉक्टरकडे, तो म्हणाला, आणि आजपासून एकटीने रस्ता नाही. जुबैदाबरोबर जाईन, असे ती म्हणाली तेव्हा त्याला हसू फुटले. “ती तुझ्याहून बहिरी. दोघी मिळून नाका ओलांडणार?”

“ती तीस वर्षं चालत्या लूमच्या मधून फिरलीय. एकदा पदर अडकला नाही तिचा.”

पुढच्या जानेवारीत कॉलेजच्या फाटकापर्यंत मी सोडीन, न्यायला मीच येईन, दोघींना, एवढे तो कबूल झाला. कमळनेही ताणले नाही.

मग तिने वही घेतली. कालच्या दोन पानांच्या समासात लिहिले: ‘ओळ नववीपासून पुढचे सर्व माझे.’ खाली आजची तारीख घातली. व्याख्यानाचे चारच शब्द लिहिले, जे दिसले तेवढे. त्यानंतर लिहिले:

गॅस सकाळी स्वयंपाकाच्या मध्येच संपला. नवा सिलिंडर लावला. आधीचा त्रेचाळीस दिवस चालला.