वरच्या खोलीची खिडकी

नाशकात घर वाढवणारे पुष्कळ भेटतील. पण जी खोली बांधलीच नाही तिच्यात इतक्या थाटात राहिलेला माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या या गृहस्थांनी नव्वदच्या सुमारास इंदिरानगरात रो-हाऊस घेतलं, तेव्हाच पुढेमागे वर मजला चढवायचा म्हणून कॉलमच्या सळया गच्चीवर काढून ठेवल्या होत्या. गंजू नयेत म्हणून प्रत्येक सळईवर औषधाची रिकामी बाटली पालथी घातलेली. आणि त्या सळयांच्या मधोमध, जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं आखलेली ती खोली.

खोली मावशीसाठी होती. मावशी निफाडची, द्राक्षबागेतल्या मोकळ्या घरात वाढलेली. इथे तिच्या स्वयंपाकघरातून दिसायची ती कंपाउंडची भिंत आणि भिंतीवर बसलेलं मांजर. तिनं नवऱ्याकडे मागितलं ते एवढंच : दुपारी भाजी निवडत बसायला वरती एक खोली, आणि तिला पांडवलेण्याच्या डोंगराकडे उघडणारी खिडकी. "एक खिडकी द्या, भिंतींचं मग बघू," असं ती म्हणायची. काकांनी ते फारच मनावर घेतलं.

खिडकी नेमकी कुठे यावी हे त्यांचं काही केल्या ठरेना. उन्हाळ्यात वारा कुठून वाहतो हे बघायला ते उदबत्ती लावून गच्चीवर बसत. हिवाळ्यात ऊन भलतीकडूनच येतं असं ध्यानात आलं, की फक्की पुसून खिडकी वीतभर सरकवत. पावसाळ्यात सगळी खोली धुऊन जाई. दसऱ्याला ते ती पुन्हा आखत. आम्हा भाचरांपैकी कुणी रेघ ओलांडली, की ओरडत, "अरे, भिंतीतून काय येतोस? दार आहे ना!" मग आम्ही मुकाट मागे फिरून दारातून आत जात असू. एकदा माझ्या गंभीर वडिलांनाही त्यांनी "जपून हं, चौकट खाली आहे" म्हटलं, आणि वडील खरंच वाकले.

मावशी आधी हसायची. पुढे पुढे म्हणू लागली, "अहो, एक तरी वीट आणा."

"घाईनं ठेवलेली खिडकी जन्मभर बोचते," काका म्हणत.

शेजारचं घर लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्यानं घेतलं. एका संध्याकाळी तो येऊन म्हणाला, "सर, मलाबी वर खोली काढायची. तुमीच द्या ना नकाशा काढून. तुमचं डोकं लय भारी हे." काका हरखून गेले. आजवरचं सगळं शहाणपण त्यांनी त्या कागदावर ओतलं : उदबत्तीचा वारा, हिवाळ्यातलं ऊन, आणि डोंगराकडे उघडणारी खिडकी. शेजारी पडला व्यापारी माणूस. पाडव्याला काम काढलं आणि पावसाच्या आत खोली उभी केली. इतके दिवस काका त्याच्याच गच्चीवर. नव्या भिंतींवर पाणी मारायलासुद्धा पाइप घेऊन हेच उभे.

गिलावा झाला त्या दिवशी ते ऐटीत आपल्या गच्चीवर आले, आपल्या फक्कीच्या खिडकीशी उभे राहिले, आणि समोर डोंगर नव्हता. शेजाऱ्याची भिंत होती. मावशीनं वर येऊन पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "झाली एकदाची माझी खोली," एवढंच ती म्हणाली. "फक्त शेजारी झाली."

त्या पावसात धुऊन गेलेली फक्की काकांनी दसऱ्याला पुन्हा आखली नाही. शेजारीण मनानं मोठी. रोज दुपारी हाक मारायची, "मावशी, या ना वर, मस्त वारा सुटलाय!" मावशी भाजीची टोपली घेऊन जायची. काका आपल्या ओट्यावर बसून राहत. मला राहून राहून वाईट वाटतं ते याचं, की त्यांच्या डोक्यातली जी एकुलती खोली खरी झाली, तिच्यात त्यांनी कधी पाऊलही टाकलं नाही.

ती परतली, की तिच्याकडे न बघता विचारत, "वारा येतो का गं?"

"येतो ना," मावशी टोपली खाली ठेवत म्हणायची, "तुम्ही म्हणाला होतात, अगदी तस्साच येतो."