गावच्या गटातली ताई

दातांत दोरा धरून बोलायची तिची रीत तुम्हीही पाहिली असेल, डिचोलीच्या बाजारात कधी भुवया कोरून घेतल्या असतील तर. "हालूं नाका, टीचर," असं मला दरडावायची आणि स्वतःची बडबड चालूच. मूळची मणिपूरची. आमची कोंकणी बोली ती गिऱ्हाइकांच्या तोंडून शिकली, त्यामुळे तिच्या बोलण्यात सासवांच्या तक्रारी फार.

एका चतुर्थीला घरमालकिणीबरोबर गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट, माटोळी, बांधतानाचा व्हिडिओ तिने केला. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात वाहवा झाली; एका काकूने तेवढं "सुपारीचो घोस खंय गो?" म्हणून नाक मुरडलं. तोच व्हिडिओ तिने सगळ्या जगाला दिसणाऱ्या एका अ‍ॅपवर टाकला आणि खाली घाण सुरू झाली. "चिंकी", "चीनाक वच", "आमच्या देवाक हात लावूं नाका". माझं डोकंच फिरलं. गटात वाहवा, इथे शिव्या; मी तिलाच विचारलं,

"एकूच व्हिडिओ, मागीर अशें कित्याक गो?"

"गटांत सगळे वळखीचे, टीचर. फाल्यां बाजारांत तोंड दाखोवंक जाय. थंय कोणाकच तोंड ना. आनी झगडें लागलें की गर्दी जाता. अ‍ॅपवाल्यांक गर्दीच जाय न्हय?" गटातल्यांना उद्या बाजारात तोंड दाखवायचं असतं, तिकडे तोंडच नाही, आणि भांडणाला जमणारी गर्दी अ‍ॅपवाल्यांना हवीच, असा तिचा हिशोब.

सर्वांत घाणेरडं लिहिणाऱ्याचं नाव खोटं होतं, पण फोटोतली मोटारसायकल स्वतःची! बहिणीला सोडायला आला की पार्लरच्या दारात लावायचा तीच, नंबरासकट. गटात याच बाबाने "मस्त ताई" लिहिलं होतं. तिने शिवीखाली शांतपणे उत्तर लिहिलं, "बाबू, आयतारा तुझ्या भैणीक नटोवंक येतां. च्या दवर."

शिवी लगेच गायब.

रविवारी मीच तिला स्कूटरवरून मये गावी लग्नघरी नेलं. बाबू फाटकात उभा. मान खाली घालून त्याने तिची पेटी उचलली, चहाही आणला. मला हसू आवरेना. तिने मात्र त्याच्या बहिणीला असं नटवलं, की आईच्या डोळ्यांना पाणी आलं.

परतताना स्कूटरवर तिने मागून विचारलं, "टीचर, घरांत दार लावन बसतात तेन्ना लोक कशे उलयतात? गटांत बरयतात तशे, काय थंय बरयतात तशे?"

"आमगेर गटांत बरयतात तशेच गो," आमच्याकडे गटात लिहितात तसंच बोलतात, अशी मी ग्वाही दिली.

"तुमगेर हांव येतां, म्हाका खबर आसा. दुसऱ्यांगेर?"

पुढच्या वर्षी ती मणिपूरला परत गेली. आई आजारी, म्हणाली. गटात निरोपांची रांग लागली. बाबूनेही हात जोडले. तिच्या शटरवर आता मोबाईलवाल्याची पाटी आहे. मला तिची फार आठवण येते. बाजारात कुणी हसून "बरी मगो, टीचर?" म्हणालं, की मी हसते, आणि हा घरी दार लावून काय बोलत असेल, असा विचार करत राहते.