अण्णांचा वन्स मोअर

मी माझ्या सासऱ्यांना भर थिएटरात गप्प बसवलं होतं.

आज अण्णांना जाऊन वर्ष झालं. अशा दिवशी चांगलंच लिहायचं असतं, आणि अण्णांबद्दल मी चांगलंच लिहिणार आहे. वाईट जे आहे ते माझ्याबद्दलचं आहे.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. योकोहामा.

इथे ख्रिसमसला चर्चमध्ये फारसं कुणी जात नाही. स्ट्रॉबेरीचा केक खातात, तळलेलं चिकन खातात, आणि ज्यांच्या मुली बॅले शिकतात ते आईबाप शोला जातात.

आमची मिहिका तेव्हा आठ वर्षांची. क्लासच्या ख्रिसमस शोमध्ये ती मेणबत्ती होती. बारा मेणबत्त्यांतली डावीकडून तिसरी. रोल दीड मिनिटाचा. त्यासाठी माझी धावपळ चार महिन्यांची.

अण्णा खास नातीचा नाच बघायला सांगलीहून आले होते.

नोकरी त्यांनी सहकारी बँकेत केली, पण गाव त्यांना ओळखायचं ते हौशी नाटकमंडळीचा पडदा ओढणारे म्हणून. उभा जन्म विंगेत, हातात दोर.

घरातून निघताना मी त्यांना ब्रीफिंग दिलं. फोन बंद. खोकला आला तर रुमाल. गोळीचा कागद वाजवायचा नाही. कॉमेंट तर अजिबात नाही. अण्णांनी सगळ्याला मान डोलावली. नवरा म्हणाला, श्वास घेतलेला चालेल का तेही सांगून टाक. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

हॉलमध्ये बसल्यावर अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आले.

"मीनल, कुणी गेलंय का गं?"

इतकी शांतता.

मेणबत्त्या आल्या. एकेकीने गिरकी घ्यायची आणि हळूच खाली बसायचं, म्हणजे विझायचं. मिहिकाची गिरकी अर्ध्यात सुटली आणि ती धपकन पडली.

संगीत पुढे गेलं. बाकीच्या मेणबत्त्या वेळेवर विझल्या. आमची आधीच विझली होती.

हॉलमधल्या सगळ्यांनी मिळून, एकमताने, ते पाहिलं नाही. हा इथला सभ्यपणा. त्यात दोष काढायला जागा नसते, आणि ऊबही नसते.

तेवढ्यात माझ्या शेजारी अण्णा उभे राहिले.

"वन्स मोअऽऽर!"

विंगेत कमावलेला आवाज तो. शेवटच्या रांगेपर्यंत गेला असणार.

एकही मान वळली नाही. समोरच्या सगळ्या माना फक्त ताठ झाल्या.

मी त्यांचा कोट धरून खाली ओढला.

"अण्णा, बसा खाली. हे सांगलीचं नाटक नाही. लाज आणलीत."

मग मी डावीउजवीकडे, पुढेमागे वाकून सुमिमासेन, सुमिमासेन करत बसले. मिहिकाच्या मैत्रिणीची आई तानाका-सान, तिची सासू, एक कुणाचेच कुणी नसलेले आजोबा. त्या संध्याकाळी मी अकरा जणांची माफी मागितली.

त्यांत अण्णा नव्हते.

अण्णा बसले. मांडीवर मफलर, मफलरखाली दोन्ही हात. शेवटी सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

आता चालेल का, म्हणून.

परतीच्या ट्रेनमध्ये मी तोंड फिरवून दारापाशी उभी. अण्णा आणि मिहिका सीटवर. ती जपानीत रडत होती, ते मराठीत समजावत होते. मधेच ती हसली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मला राग पुरवून वापरायचा होता.

जानेवारीत अण्णा परत गेले. पोचल्याचा फोन आला, त्यात म्हणाले, "त्या दिवशी मी उगाच ओरडलो गं. तुझी पंचाईत झाली."

आणि मी, मोठ्या मनाने, त्यांना माफ केलं.

जाऊ द्या हो अण्णा, म्हटलं.

गेल्या वर्षीचा शो मिहिकाचा चुकला. आम्ही सांगलीत होतो. अण्णांसाठी.

या रविवारी ती पुन्हा नाचली. आता दहा वर्षांची आहे, रोल मोठा होता, आणि ती एकदाही चुकली नाही. टाळ्या मिळाल्या. मोजूनमापून, इथल्यासारख्या.

बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानातून तिला गरम कोको घेतला. मी म्हटलं, किती छान केलंस, आज आजोबा असते तर वन्स मोअर दिला असता.

तिने माझ्याकडे 'ढ' मुलीकडे बघावं तसं पाहिलं.

"आई, नो. चांगलं झालं की नाही देत. कुणी चुकलं की द्यायचा. आजोबा सेड, मग परत करायचं, आणि पहिलं धरत नाहीत. फर्स्ट वन डझन्ट काउंट."

मग कोको पिता पिता तिने ट्रेनमधलं सगळं सांगितलं.

सांगलीत नवा मुलगा पहिल्यांदा गायला उभा राहायचा. आवाज फुटायचा. लोक हसायला लागणार, तेवढ्यात विंगेतून अण्णाच ओरडायचे, वन्स मोअर. लोकांना वाटायचं कुणीतरी रसिक आहे, तेही ओरडायचे. मुलगा परत गायचा, आणि या खेपेला नीट गायचा. तोपर्यंत अण्णा दोर सोडायचे नाहीत.

वन्स मोअर शाबासकी म्हणून देतात, एवढंच मला ठाऊक होतं. पडलेल्याला हात म्हणूनही तो देता येतो, हे सहाशे माणसांच्या हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत होतं.

आणि त्याचा कोट माझ्या हातात होता.

आज सकाळी फोटोला हार घातला. मिहिकाने नमस्कार केला, मग इथल्या पद्धतीने कमरेत वाकलीही. मी नुसतीच उभी राहिले. दोन वर्षं राहिलेली माफी कुठल्या भाषेत मागायची ते कळेना.

अण्णा, तुमच्या सुनेचा त्या दिवशी आवाज फुटला.

वन्स मोअर द्या.

पहिलं धरू नका.