योहानभाऊंची काठी

आमच्या चर्चच्या मंडळीत काही घडलं की त्याचा किस्सा व्हायला एक रविवार पुरतो. गेल्या वर्षभरातले बहुतेक किस्से माझ्यावरच झालेत. दुसऱ्या कोणी मीठमसाला लावून सांगण्याआधी म्हटलं आपणच सांगावेत.

गोंडपिपरीकडच्या आमच्या खेड्यात पाळक महिन्यातून एकदाच येतात. बाकीच्या रविवारची उपासना योहानभाऊ सांभाळायचे. कोणाची प्रार्थना लांबली की ते काठी जमिनीवर दोनदा आपटायचे. ठक, ठक. म्हणजे पुरे, देवाला कळलं. मग सगळे "आमेन" म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी चंद्रपूरला बी.ए. केलेली, वाचते स्पष्ट, एवढ्यावर चर्चची किल्ली माझ्याकडे आली. फोन वाजला तरी दचकणाऱ्या माझ्याकडे.

*

आमच्याकडे घरातलं पहिलं जे काही असेल ते देवापुढे आणतात. पहिली भाजी, पहिलं अंडं. माझ्या पहिल्याच रविवारी योहानभाऊंच्या बायकोने, मार्थाबाईंनी, कोंबडी आणली. मी डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली आणि ती माझ्या पायाशी फडफडली. मी किंचाळून थेट बाकावर.

मार्थाबाईंनी शांतपणे कोंबडी धरली. "कोंबडी देवाले आणली पोरी, तू काऊन भ्याली?"

*

सुचेल तशी प्रार्थना करणं मला जमत नाही. म्हणून मी घरून चिठ्ठी लिहून नेते.

एका घरी बाळाला आशीर्वाद द्यायला गेले. चिठ्ठी उघडली आणि वाचू लागले, "प्रभू, या घरावर कोसळलेल्या दुःखात..." मागच्या आठवड्यातल्या मयतीची चिठ्ठी होती ती.

बाळंतिणीने बाळाला जवळ ओढलं. म्हणाली, "पोरगी झाली ना ताई, दुःख कायचं?"

*

एप्रिलमध्ये मी रविवारी सकाळी आठला चर्च उघडून बसले. कोणी आलं नाही. नऊपर्यंत रिकाम्या बाकांकडे बघत मला वाटत राहिलं, माझ्यामुळेच लोक तुटले.

दुपारी मार्थाबाई भेटल्या. "मोहफुलं वेचाचे दिवस हायेत, सारं गाव पहाटेपासून जंगलात. तुले मालूम नाई? गावचीच ना तू? पुढच्या रविवारी जंगलातच ये. पन डोळे मिटाले नको सांगू, फुलं कोन वेचन?"

गेले. मोहाच्या झाडाखाली उघड्या डोळ्यांनी उपासना सुरू झाली. प्रार्थना करताना लोकांचे चेहरे कसे होतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांना कुठे घाई नव्हती, भीतीही नव्हती. बोटं फुलं वेचत होती, ओठ हलत होते.

मग वारा आला आणि चिठ्ठी उडाली. मी अर्ध्या वाक्यात थांबले. पुढे काहीच सुचेना. लोक वेचत राहिले, वाट बघत राहिले. प्रार्थना संपली की चालू आहे हे कोणालाच कळेना, मलाही. शेवटी कोणीतरी टोपली उचलली आणि सगळे निघाले. आमेन राहूनच गेलं.

*

त्याच संध्याकाळी मी किल्ली परत द्यायला योहानभाऊंकडे गेले. ते खाटेवर पडलेले, काठी डाव्या हाताशी. मी रस्ताभर वाक्य घोकलं होतं, हे माझ्याच्यानं होत नाही.

मी तोंड उघडलं तशा मार्थाबाई म्हणाल्या, "अगुदर प्रार्थना कर, मंग बोल. यांच्यासाठी कोनी येऊन प्रार्थना केली नाई कितीक दिवसांत."

माझ्याजवळ चिठ्ठी नव्हती. डोळे मिटले. एकही शब्द आला नाही. मनात सगळं होतं, त्यांची उजवी बाजू, माझी भीती, ते रिकामे बाक, आणि हे सगळं तसंच्या तसं देवापुढे पडून होतं. किती वेळ गेला कोण जाणे. किल्ली मुठीत घामाने ओली झाली.

ठक, ठक.

"आमेन," मार्थाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. "तुयी प्रार्थना लांबतेच बाप्पा. आता रविवारी किती वाजता, ते सांग."